रेणापूरचे आमदार आणि मागच्या सीटचा पट्टा

गोपीनाथ मुंडे यांचा जन्म 12 डिसेंबर 1949 रोजी परळी तालुक्यातील नाथ्रा येथे शेतकरी कुटुंबात झाला. 1980 मध्ये रेणापूर मतदारसंघाने त्यांना पहिल्यांदा विधानसभेत पाठवले. 1985 मध्ये ते हरले. पण 1990 पासून सलग चार वेळा रेणापूरनेच त्यांना निवडून दिले. येथील आमदार असतानाच 1995 मध्ये ते राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. 2009 मध्ये ते बीडमधून लोकसभेत गेले आणि 26 मे 2014 रोजी केंद्रात ग्रामविकासमंत्री झाले.

अवघ्या आठ दिवसांनी, 3 जूनच्या सकाळी, ते दिल्लीतील विमानतळाकडे निघाले होते. बीडमध्ये सत्कार व्हायचा होता. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. एका चौकात दुसऱ्या गाडीची बाजूने धडक बसली. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. मात्र मानेच्या वरच्या मणक्यांना इजा झाली होती आणि यकृत फाटून पोटात रक्तस्राव झाला होता. एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये त्यांना मृत घोषित करण्यात आले.

असे का होते? धडकेने गाडीचा वेग क्षणात बदलतो, पण आतले शरीर आधीच्याच वेगाने पुढे जाते आणि दारावर किंवा पुढच्या सीटवर आदळते. यकृत मऊ आणि रक्ताने भरलेले असते; ते झटक्याने फाटते. पट्टा हा झटका छाती आणि कमरेच्या हाडांवर वाटून घेतो. पट्ट्याने जीव वाचू शकला असता, असे मत तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी मांडले होते. बाजूच्या धडकेत पट्टा पूर्ण संरक्षण देत नाही, पण शरीर फेकले जाण्यापासून रोखतो.

आता अनेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, असते. चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचे वळणे सेन्सर सतत मोजतात. स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी दुसरीकडे जाऊ लागली, की यंत्रणा गरजेच्या चाकालाच ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते. पहिल्या पावसात, किंवा उसाच्या ट्रॉल्यांनी चिखल केलेल्या वळणावर, ती गाडी घसरण्यापासून सावरते. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करते आहे. वेग कमी करावा. दिवा पेटलेलाच राहिला तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे, गॅरेजला दाखवावे. टायर गुळगुळीत झाले असतील, तर ईएससीही हतबल होते.

दिल्लीतील त्या चौकात प्रश्न घसरण्याचा नव्हता. दुसऱ्याची धडक ईएससी थांबवू शकत नाही. तिथे उरतो तो पट्टाच. मागे बसणाऱ्यांनाही तो कायद्याने बंधनकारक आहे. रेणापूरहून लातूरला निघताना अंतर जवळचे वाटते. पट्टा लावायला मात्र पाच सेकंद पुरतात.