डॉक्टर केरी आणि आपली मराठी

इंग्लंडात टोस्टर नावाचे एक जुने बाजारगाव आहे. रोमी फौजांच्या राजरस्त्यावर ते वसले असून रोमी लोक त्यास लॅक्टोडूरम म्हणत. रोमी अंमलातच त्या बेटात शुभवर्तमान पोहोचले. परंतु सबंध पवित्र शास्त्र तेथील लोकांच्या भाषेत येण्यास त्यानंतर हजाराहून अधिक वर्षे लागली.

या टोस्टरपासून दीडएक कोसावरील पॉलर्सपरी खेड्यात 17 ऑगस्ट 1761 रोजी विल्यम केरी जन्मले. बाप विणकर, पुढे शाळामास्तर. मुलगा जोडे शिवण्याचा धंदा शिकला. चामड्यास हात लावणाऱ्यास आपल्या गावांत कसे वागवीत, हे ज्यांस ठाऊक आहे त्या आमच्या वाचकांस हे वाचून विशेष वाटेल. धंदा करता करताच त्यांनी लॅटिन, ग्रीक व इब्री भाषा आत्मसात केल्या.

1793 च्या नोव्हेंबरात ते बंगाल्यात आले. पुढील सात वर्षांत एकाही हिंदी मनुष्यास त्यांच्या हातून बाप्तिस्मा झाला नाही. लहानगा मुलगा वारला, पत्नीस वेड लागले. अखेर 1800 च्या डिसेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराने सेरामपूर येथे हुगळी नदीत बाप्तिस्मा घेतला.

मग कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरीसाहेब मराठीही शिकवू लागले. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने 1805 साली मराठी व्याकरण निघाले, आणि त्याच साली मत्तयाचे शुभवर्तमान. 1810 साली कोश, 1811 साली नवा करार. कोशातील मराठी शब्द मोडीत छापले, कारण कुळकर्ण्याच्या दप्तराची व सावकाराच्या वहीची लिपी तीच. याच सुमारास आपला खानदेश होळकरांच्या फौजांनी लुटला होता, आणि 1803-04 च्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली होती. इकडे वाचणारा उरला की नाही अशी दशा, आणि तिकडे आपल्या भाषेचे खिळे ओतले जात होते!

केरीसाहेबांनी महाराष्ट्र कधी पाहिला नाही. त्यांच्या भाषांतराची भाषा नागपूरकडील. मुंबईकडच्या लोकांस ती रुचेना, म्हणून अमेरिकन मिशनऱ्यांनी नवे भाषांतर केले. अहिराणी बोलणाऱ्यांत किंवा भिल्लांच्या पाड्यांवर जाणाऱ्या उपदेशकास पुस्तकातील शब्द कानी बसविणे किती कठीण, हे आम्ही सांगावयास नको.

11 मार्च 1812 रोजी सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. अनेक वर्षांचे हस्तलेख एका रात्रीत जळाले. केरीसाहेबांनी ते पुन्हा लिहावयास घेतले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. 9 जून 1834 रोजी ते सेरामपुरात वारले. पॉलर्सपरी त्यांनी पुन्हा पाहिले नाही.