पेन्शनीतली बावीस वर्षे

आपल्या समाजात एखादा गृहस्थ पेन्शनीत निघाला की आता त्याने आराम करावा, नातवंडे खेळवावीत, अशी सर्वांची अपेक्षा असते. हळूहळू त्यालाही ते पटू लागते. सर सय्यद अहमद खान यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ज्या कार्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले, त्याचा मोठा भाग त्यांनी नोकरी संपल्यावर केला.

त्यांचा जन्म दिल्लीत १७ ऑक्टोबर १८१७ रोजी झाला. वडिलांच्या निधनानंतर १८३८ साली ते कंपनी सरकारच्या न्यायखात्यात लागले. बिजनोर, मुरादाबाद, गाझीपूर, अलीगढ, बनारस अशा बदल्या होत गेल्या. कचेरीचे काम सांभाळूनच त्यांनी १८६४ साली गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली. १८६९ ते १८७० या काळात इंग्लंडला जाऊन तेथील शिक्षणसंस्था पाहिल्या. अलीगढची शाळा २४ मे १८७५ रोजी सुरू झाली, तेव्हा ते अजून नोकरीतच होते. म्हणजे उतारवयातील कामाची पेरणी त्यांनी आधीच करून ठेवली होती.

१८७६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांनी पेन्शन घेतली आणि ते अलीगढला येऊन राहिले. पुढच्याच वर्षी, ८ जानेवारी १८७७ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली. त्यानंतर इमारतींच्या बांधकामावर देखरेख, पत्रव्यवहार, वर्गणी हे सर्व त्यांनी अंगावर घेतले. देणगी देणाऱ्यांची नावे दगडांत कोरली गेली. त्यांत मुसलमान होते, तसेच हिंदूही होते. या कॉलेजचा पहिला पदवीधर ईश्वरी प्रसाद हा हिंदू विद्यार्थी होता.

१८७८ साली ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. देवीची लस टोचण्यासंबंधीचे विधेयक त्यांनीच तेथे मांडले. १८८४ साली कॉलेजच्या कामासाठी त्यांनी पंजाबचा दौरा केला. १८८६ साली शैक्षणिक परिषद स्थापन केली. तिचे अधिवेशन निरनिराळ्या शहरांत भरे. त्यांच्या पश्चात १९०३ साली ते मुंबईत न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली झाले. १८८८ साली सर हा किताब मिळाला, तरी वर्गणी मागण्याची त्यांना लाज वाटली नाही. सत्तरी उलटल्यावर कॉलेजसाठी पैसा जमवायला ते अलीगढच्या प्रदर्शनात रंगमंचावरही उभे राहिले.

हा मार्ग सुखाचा नव्हता. धर्मविषयक मतांमुळे त्यांच्याविरुद्ध फतवे निघाले. स्त्रीशिक्षण आणि राजकारण यांविषयीची त्यांची मते पुढच्या पिढीने सर्वस्वी मान्य केली नाहीत. सर्वांत मोठा घाव १८९५ साली बसला. विश्वासातल्या हेडक्लार्कने कॉलेजच्या एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केल्याचे उघडकीस आले. त्या वेळी त्यांचे वय ७७ च्या पुढे होते. संस्थेची पत घसरली, विद्यार्थिसंख्या घटली. तरीही सेक्रेटरीपदाची जबाबदारी त्यांनी टाकली नाही. २७ मार्च १८९८ रोजी त्यांचे निधन झाले आणि कॉलेजच्या मशिदीच्या आवारातच दफन झाले. १९२० साली त्या कॉलेजचे विद्यापीठ झाले.

या चरित्रातून पालकांनी व विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? प्रत्येकजण कॉलेज उभारू शकणार नाही. परंतु आपल्या मोहल्ल्यात पेन्शनीत निघालेले मास्तर, कारकून, ओव्हरसियर, परिचारिका आहेत. शाळेचे हिशेब तपासायला, बांधकामावर नजर ठेवायला, दहावीच्या मुलामुलींचे गणित घ्यायला अशीच अनुभवी माणसे लागतात. अलीगढला एका माणसावर टाकलेला विश्वास किती महागात पडला, हे आपण पाहिलेच. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना नुसते आरामखुर्चीत बसवू नका. त्यांना आठवड्यातून दोन दिवस शाळेत घेऊन या. आणि जे आज नोकरीत आहेत, त्यांनी पुढच्या कामाची पेरणी आत्तापासूनच करावी.