सीताफळ, उंदीर आणि कमल रणदिवे

रामलिंग घाटात सहलीला गेलात की सीताफळाची झाडं दिसतातच. त्याच कुळातल्या झाडांच्या पेशींवर कमल रणदिवे यांनी १९४३ मध्ये पुण्यात एमएस्सी केलं. (कॉलेजच्या आवारातला तो उंच, सरळसोट ‘अशोक’सुद्धा याच कुळातला बरं का. खरा अशोक वेगळा!)

‘बीएस्सी करतोय’ म्हटलं की गावाकडे ‘का, नीट हुकली का?’ असं विचारतात ना? कमल यांचे वडील स्वतः फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, तरी लेकीने डॉक्टर व्हावं, असं त्यांच्या मनात होतं. तिने मात्र जीवशास्त्रच धरलं. लग्नानंतर मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये दिवसा काम, संध्याकाळी अभ्यास, असं करत १९४९ मध्ये डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी पूर्ण केली. पुढे बाल्टिमोरला जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत तशी लॅब उभारली.

त्यांचं लक्ष होतं उंदरांवर. काही जातींच्या उंदरांमध्ये स्तनाचा कॅन्सर आईच्या दुधातून पिल्लांकडे जातो, कारण त्या दुधात एक विषाणू असतो. (हे उंदरांपुरतंच, घरी जाऊन कुणाला घाबरवू नका.) हा विषाणू, हार्मोन्स आणि उंदराची आनुवंशिकता यांचं नातं काय, यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९७३ मध्ये विज्ञानातल्या स्त्रियांची संघटना काढण्यात त्या पुढे होत्या. १९८२ ला पद्मभूषण मिळालं. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या, तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता.

एक प्रश्न मात्र उरला होता. दुधातून पोटात गेलेला विषाणू पिल्लाच्या शरीरात टिकतो कसा? रोगप्रतिकारशक्ती त्याला हाकलत का नाही?

त्याचा एक धागा शिकागोच्या संशोधकांना २०११ मध्ये सापडला. आतड्यात जिवाणूच नसलेल्या उंदरांमध्ये हा विषाणू पुढच्या पिढीत पोचेना. मग २०१५ मध्ये कारण कळलं. पेशीतून बाहेर पडताना विषाणू तिचंच आवरण पांघरतो आणि त्यासोबत तिची काही प्रथिनंही येतात. ही प्रथिनं पेशीला लागतात ती जिवाणू ओळखायला. विषाणूच्या अंगावर तीच प्रथिनं असली, की आतड्यातल्या जिवाणूंच्या आवरणाचा एक पदार्थ त्यांना येऊन चिकटतो. त्यातून शरीराला जो इशारा मिळतो, त्याने प्रतिकार पेटण्याऐवजी थंडावतो आणि विषाणू आरामात बस्तान बसवतो.

म्हणजे चोराने घरातल्याच माणसाचा सदरा घालून यावं, तसं. हे उत्तर बघायला कमल रणदिवे हव्या होत्या.