वसंत रामजी खानोलकर

वसंत रामजी खानोलकर (जन्म : क्वेट्टा, १३ एप्रिल १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोग-संशोधक होते. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी त्यांनी १९२३ साली मिळवली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व पुढे सेठ गो.सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

गाठीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे नाव ठरवणे एवढ्यावर खानोलकर थांबत नसत. रुग्णाच्या सवयी, पेहराव आणि प्रांत यांचीही ते बारकाईने नोंद घेत. बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी रूढींशी निगडित कर्करोगाचे तीन प्रकार वर्णिले. जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांना होणारा टाळूचा कर्करोग आणि कमरेला घट्ट नेसलेल्या धोतरामुळे होणारा त्वचेचा कर्करोग हे त्यांतील दोन होत.

छेद आणि पूर्वेतिहास यांची अशी सांगड किती मोलाची असते, हे फुप्फुसाच्या आवरणातील अर्बुदांवरून कळते. १९६० साली जे. सी. वॅग्नर व सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांचा अभ्यास करून मेसोथेलिओमा या कर्करोगाचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध दाखवला. रुग्णांत खाणकामगारांखेरीज खाणींच्या परिसरात केवळ राहिलेली माणसेही होती. मात्र याच आवरणात एकल तंतुमय अर्बुद ही दुर्मीळ गाठही होते. तिचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आढळलेला नाही आणि शस्त्रक्रियेने ती बहुधा बरी होते. कामगाराला अशी गाठ झाली आणि केवळ त्याचा धंदा पाहून निदान केले, तर बरा होणारा रोगी असाध्य ठरेल. उलट पूर्वेतिहास विचारलाच नाही, तर मेसोथेलिओमाच्या रुग्णाची नुकसानभरपाई बुडेल. म्हणून आज ऊतींच्या तुकड्यावर विशिष्ट प्रथिनांच्या चाचण्या करून हा भेद निश्चित करतात.

१९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे खानोलकर पहिले संचालक झाले. कमल रणदिवे या त्यांच्याच विद्यार्थिनी. कुष्ठरोगावरील त्यांचे कार्यही महत्त्वाचे आहे. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

त्यांनी उभारलेली संशोधन संस्था पुढे परळहून रायगड जिल्ह्यातील खारघर येथे हलवण्यात आली. तेथील संशोधन इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ असे नाव आहे.