म्हैसूरच्या हत्तीखान्यातला साबू

म्हैसूरला स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी दसऱ्याची हत्तींची मिरवणूक पाहिली नाही असा माणूस विरळा. सगळ्यांचे डोळे अंबारीकडे असतात. मानेवर बसलेल्या माहुताचे नाव कोणी विचारत नाही. या माहुतांच्या वस्तीतून एक पोरगा थेट हॉलिवूडला गेला, हे मला इथे येऊन बरीच वर्षे झाल्यावर कळले. त्याचे नाव साबू. आपल्या मुलांना या नावावरून चाचा चौधरीचा गुरू ग्रहावरचा साबू आठवेल, पण हा त्याच्या कितीतरी आधीचा, आणि हाडामांसाचा.

साबूचा जन्म 27 जानेवारी 1924 चा, काबिनी नदीकाठच्या करापूरचा. सहलीला आपण जातो ते हेच करापूर. वडील महाराजांच्या चाकरीत माहूत. आई लहानपणीच गेली, मग वडीलही गेले, आणि हे पोर राजाच्या हत्तीखान्याच्या आश्रयाने वाढू लागले. शाळेपेक्षा हत्तीशीच त्याची अधिक ओळख.

1935 साली रॉबर्ट फ्लाहर्टी हे अमेरिकन दिग्दर्शक म्हैसूरला आले. किपलिंगच्या गोष्टीवर चित्रपट काढायचा होता आणि त्यासाठी हत्तीवर सहज वावरणारा मुलगा हवा होता. महाराज कृष्णराज वडियार यांनी चित्तरंजन महाल राहायला दिला, हत्ती दिले, आणि रानहत्ती पकडण्याचा खेडाही चित्रित झाला. (हे खेडे काकनकोटच्या रानात 1971 पर्यंत होत असत.) मुलगा मिळाला तो हत्तीखान्यातच. ‘एलिफंट बॉय’ 1937 मध्ये पडद्यावर आला, त्याला व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले आणि साबू जगभर प्रसिद्ध झाला.

निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी त्याला थोरल्या भावासह लंडनला नेले. इंग्रजी तो तिथेच शिकला. 1938 चा त्याचा ‘द ड्रम’ सरहद्दीवरच्या ब्रिटिश फौजांचे गोडवे गाणारा होता. मुंबईत तो लागला तेव्हा लोकांनी जोरदार निदर्शने केली, आणि ती रास्तच होती असे मला वाटते. मात्र चौदा वर्षांच्या अनाथ मुलाला त्यात दोष देणे मला पटत नाही. त्याला जे काम दिले, ते त्याने केले.

‘द थीफ ऑफ बगदाद’चे काम लंडनला सुरू झाले, तेवढ्यात महायुद्ध पेटले, म्हणून ते अमेरिकेत पुरे करावे लागले. 1940 च्या या चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाली. 1942 मध्ये ‘जंगल बुक’चा मोगली झाला. त्यानंतर एका स्टुडिओने त्याला रंगीबेरंगी अद्भुत पटांना जुंपले. कथा कोणतीही असो, साबूच्या वाट्याला उघड्या अंगाचा, हसतमुख सोबती!

आता मला सर्वांत थोर वाटणारा भाग. हा नट सुखाने स्टुडिओत राहू शकला असता. त्या काळी भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळत नसे, तो कायदा 1946 मध्ये बदलला. सैन्यात शिरणाऱ्यांना मात्र सवलत होती. साबू सैन्यात गेला आणि 1944 मध्ये नागरिक झाला. पण त्याला कचेरीतली खुर्ची मिळाली नाही. त्याला बी-24 या बॉम्बफेकी विमानावर तोफची म्हणून घेतले. विमानाच्या पोटाखाली एक काचेचा गोल बुरूज असे. त्यात गुडघे छातीशी घेऊन तासन्‌तास बसायचे, खाली प्रशांत महासागर आणि समोर जपानी विमाने. अंगाने लहान माणूसच तिथे मावे. अशी कित्येक उड्डाणे त्याने केली आणि शौर्याबद्दल डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळवला. पडद्यावरच्या पोरकट भूमिका आणि हा बुरूज, यांचा मेळ घालताना मी आजही थबकतो.

युद्ध संपले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि लोकांना हवा असलेला पोरगा उरला नव्हता. 1947 च्या ‘ब्लॅक नार्सिसस’मध्ये त्याने तरुण राजपुत्र छान वठवला, पुढे मात्र दुय्यम चित्रपटच आले. 1948 मध्ये मॅरिलिन कूपर या अभिनेत्रीशी लग्न झाले, एक मुलगा आणि एक मुलगी झाली. संसार चालवायचा तर कामाची लाज कशाला? नाताळात लंडनच्या हॅरिंगे सर्कशीत त्याने हत्तींचे खेळ केले. इटलीत व्हिट्टोरिओ डी सिकांबरोबर चित्रपट केला. लॉस एंजेलिसकडे भावाबरोबर फर्निचरचे दुकान घातले.

एकदा मायदेशाची वाट उघडेल असे वाटले. मेहबूब खान यांनी ‘मदर इंडिया’च्या बिरजूसाठी त्याचा विचार केला होता. पण तो आता परदेशी नागरिक, त्याला इथे काम करण्याचा परवाना मिळाला नाही. 1957 मध्ये आपण पाहिला तो बिरजू सुनील दत्त यांचा, आणि त्यांनी तो अजरामर केला यात वाद नाही. तरीही करापूरच्या मुलाला हिंदी चित्रपटासाठी परवाना नाकारला जावा, याची मला चुटपूट लागते.

1960 मध्ये दुकानातल्या चोरीच्या प्रयत्नात भावाचा खून झाला. म्हैसूरपासून सावलीसारखा बरोबर असलेला हाच एक माणूस. 2 डिसेंबर 1963 रोजी हृदयविकाराने साबू गेला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी. शेवटचा चित्रपट ‘ए टायगर वॉक्स’ 1964 मध्ये, त्याच्या मागून लागला. त्यात तो सर्कशीतल्या वाघाचा रखवालदार आहे.

म्हैसुरात त्याच्या नावाचा रस्ता किंवा पुतळा माझ्या तरी पाहण्यात नाही. ‘द थीफ ऑफ बगदाद’ची डीव्हीडी माझ्याकडे आहे. उत्सवात एका संध्याकाळी मुलांसाठी लावायची असेल, तर पडद्याची सोय तेवढी मंडळाने करावी.