रविवर्मा ते हेन्री मूर, औंधच्या राजानं डोंगरावर आणलेला कलेचा खजिना

सातारा जिल्ह्यातलं औंध म्हटलं की पहिली आठवते ती यमाई देवी. देवीचं मूळपीठ ज्या डोंगरावर आहे, त्याच डोंगराच्या उतारावर एक संग्रहालय आहे. तिथं राजा रविवर्मांची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत आणि जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं माय-लेकराचं शिल्पही आहे.

हे सगळं एका खेड्यात आणलं ते औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी.

औंध संस्थान तसं लहानच. सातारा, सांगली आणि विजापूरच्या बाजूला विखुरलेली 72 गावं. उत्पन्न बेताचं, भाग दुष्काळी. 1868 साली जन्मलेले बाळासाहेब डेक्कन कॉलेजात शिकले आणि 1909 साली गादीवर आले. रोज सूर्यनमस्कार घालणारा, कीर्तन करणारा आणि हातात कुंचला घेऊन स्वतः चित्रं काढणारा हा राजा होता. त्यांचं चित्ररामायण 1916 साली छापून आलं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा ती सचित्र असावी म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले.

स्वतः चित्रकार असल्यामुळं कलावंताला काय लागतं हे त्यांना ठाऊक होतं. डोक्यावर छप्पर, हाताला काम आणि निवांतपणा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे श्रीपाद दामोदर सातवळेकर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा चित्रकार. लाहोरात त्यांचा स्टुडिओ चांगला चालायचा. पण राष्ट्रीय विचारांच्या लिखाणामुळं इंग्रज सरकार मागे लागलं, तुरुंगवासही झाला. अशा माणसाला जवळ करणं संस्थानिकाला परवडणारं नव्हतं, कारण गादी इंग्रजांच्या मर्जीवर होती. तरी बाळासाहेबांनी 1918च्या सुमारास त्यांना औंधमध्ये आसरा दिला. पुढं तीस वर्षं सातवळेकरांनी इथंच राहून वेदांवर काम केलं. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकरही नामवंत चित्रकार झाले.

गरीब घरातले ग. दि. माडगूळकर औंधच्याच शाळेत शिकले. दलित साहित्यातलं मोठं नाव असलेले शंकरराव खरात याच संस्थानातल्या आटपाडीचे.

मग संग्रहालय कशासाठी?

राजेरजवाड्यांकडं चित्रं असायचीच, पण ती वाड्यात, पाहुण्यांना दाखवायला. बाळासाहेबांनी 1938 साली श्री भवानी संग्रहालय उभारून ती वाड्याबाहेर आणली. यमाईच्या दर्शनाला आलेला शेतकरीही वाटेत रविवर्मा बघू शकेल, अशी ही जागा.

त्याच सुमारास त्यांनी आणखी मोठा निर्णय घेतला. चिरंजीव अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि महात्मा गांधी यांच्या सल्ल्यानं 1939 साली नवी राज्यघटना आली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंतीशिवायचा तुरुंग, कैदी शेती करणार. व्ही. शांताराम यांचा 1957चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचलेला.

पण राजाश्रयाची एक अडचण असते. राजा आणि राज्य असेतोवरच तो टिकतो.

1948 साली ती वेळ आली. गांधीहत्येनंतर दंगली उसळल्या आणि सातवळेकरांना उतारवयात औंध सोडून गुजरातेतल्या पारडीला जावं लागलं. त्याच वर्षी मार्चमध्ये संस्थान विलीन झालं. एप्रिल 1951 मध्ये बाळासाहेबही गेले.

राजाच्या मर्जीवर जे उभं होतं, ते राजाबरोबर संपलं. जे त्यांनी आधीच लोकांच्या हवाली केलं होतं, ते मात्र टिकलं. स्वतंत्रपूरची वसाहत राहिली आणि डोंगरावरचं संग्रहालयही राहिलं.

आजही यमाईच्या दर्शनाला जाणारी बरीच मंडळी संग्रहालयाकडं न वळताच परततात. पुढच्या वेळी औंधला गेलात, तर तासभर जास्तीचा हाताशी ठेवा.