लोखंडी नांगराचा खरा स्पर्धक

गावात एकाने पिठाची गिरणी टाकली की वर्षभरात दुसरी होते, मग तिसरी. शेवटी दर पाडून तिघंही नुकसानीत. धंद्यात उतरताना आपला स्पर्धक नेमका कोण, हे आपण बघत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ते बघितलं, म्हणून त्यांची हकीकत सांगतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येईनात. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली. त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामुअण्णांबरोबर सायकलचं दुकान चालवलं.

पण डोक्यात शेतकरी होता. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. त्या काळी लोखंडी नांगर विलायतेहून यायचे. कोणालाही वाटेल की सामना विलायती मालाशी. पण खरा सामना शेतकऱ्याच्या मनातल्या भीतीशी होता. लोखंडाने जमीन नासते, असा लोकांचा पक्का समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली! लक्ष्मणराव हटले नाहीत. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथतो, हरळी-कुंद्याची मुळं वर काढतो. हे ज्याने आपल्या रानात बघितलं, त्याला वेगळं पटवावं लागत नाही.

जम बसतोय तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं आणि सापांचं माळरान. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर झाले. पुढे शेंगा फोडायचं यंत्र, उसाचे चरक, पाण्याचे पंप निघाले. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, शेतकऱ्याचं काय अडलंय? मालाची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून पुतणे शंकररावांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

आता यातून घ्यायचं काय? शेजारी काय विकतो हे बघून धंदा काढू नका. गावाचं काय अडलंय ते आधी शोधा. आणि लोक पहिल्या झटक्याला हो म्हणत नाहीत, तेवढा दम आणि तेवढं भांडवल हाताशी ठेवा. नवं वाण किंवा औजार आलं की आपणही लगेच नाही म्हणतो, खरं ना? मग आधी एखाद्या गुंठ्यात करून बघा, नंतर ठरवा. ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक सांगणं आहे. गावातला एखादा पोरगा वर्कशॉपसाठी जागा मागायला आला, तर बेळगाव आठवा आणि औंधही आठवा.